बावीस हजार श्रोते

४ जून, सकाळी ११
पोचलो. सामान वर चढवलं. आजपासून ही रोजनिशी नियमित. मागची चार दिवसांत बंद पडली, पण ती वहीच चांगली नव्हती.

नेमणूक इथल्या रेडिओ केंद्राचा प्रमुख म्हणून, फक्त सहा महिन्यांची. पाच डिसेंबरला घरी. लेकीला तसा शब्द दिलाय. तिनं कॅलेंडरवर त्या तारखेला लाल गोल काढला आणि खाली माझी सही घेतली. नऊ वर्षांची आहे, पण आईवर गेलीय.

निरोपाच्या वेळी आमच्या संस्थेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या की तुमच्यासारखा माणूस मुख्य कार्यालयात वाया जातोय. सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी माझ्या टेबलावर दुसऱ्याचा कॉम्प्युटर लागलासुद्धा, जागेची फार टंचाई आहे तिथं. मागच्या महिन्यात सेमिनारमध्ये मी मॅडमना सव्वा तासाचा एक प्रश्न विचारला होता. तेव्हाच त्यांनी मला हेरून ठेवलं असणार.

संकल्प: रोज तासभर चालणे. लोकांत मिसळणे. ‘विकासासाठी संवाद’ हे माझं पुस्तक पूर्ण करणे. प्रस्तावना तयार आहे, अर्पणपत्रिकाही. मधलं राहिलंय.

६ जून
रेडिओ केंद्र पाहिलं. पूर्वीचं मिठाचं गोदाम. एकच खोली, खिडकी विटांनी बुजवलेली, भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेले. आत बाहेरचं काही ऐकू येत नाही आणि आतलं बाहेर जात नाही. दार लोखंडी, त्यात जाड काचेचा चौकोन; माइक चालू असला की बाहेर लाल दिवा लागतो. आतला हँडल माझ्या आधीच्या अधिकाऱ्याच्या हातात निघून आला, तेव्हापासून दार फक्त बाहेरून उघडतं. मोबाइलनं आवाजात खरखर येते म्हणून तो बाहेरच ठेवायचा. कार्यक्रम संपला की बाहेर बसलेला माणूस काचेतून बघतो आणि दार उघडतो. मी म्हटलं, राहू द्या असंच. माणसांचा माणसांशी संपर्क राहतो.

स्टाफ दोन. एक तंत्रज्ञ, त्याला सगळे तारवाला म्हणतात. बटणापासून छतावरच्या अँटेनापर्यंत सगळं तोच बघतो. कमी बोलतो. दुसरी निवेदिका, तेविसेक वर्षांची. कार्यक्रमाच्या शेवटी रोज नदीपलीकडच्या तिच्या आईला म्हणते, आई, जेवून घे गं. हा प्रसारणवेळेचा खाजगी वापर आहे. तूर्त दुर्लक्ष केलंय.

या भागाची लोकसंख्या बावीस हजार. म्हणून पहिल्या रिपोर्टमध्ये श्रोते बावीस हजार लिहिले. तारवाला म्हणाला, त्यात तान्ही बाळंही आली की. मी म्हटलं, ते भावी श्रोते.

१७ जून, सायं. ६
‘जागतिकीकरण आणि आपण’ या माझ्या तेरा भागांच्या मालिकेचा पहिला भाग प्रसारित. लेखन मी, वाचन मी, मुलाखत माझी. पस्तीस मिनिटं. काचेतून बघितलं तर तारवाल्याचे डोळे मिटलेले. तल्लीन झाला होता.

बाहेर आलो तर समोरच्या शिलाई दुकानातल्या टेलरबाई उभ्या. त्यांच्या दुकानात आमचा रेडिओ दिवसभर चालू असतो. विचारत होत्या की अहो साहेब, आमची चारची गाणी कुठं गेली? मी त्यांना इच्छा आणि गरज यांतला फरक वीस मिनिटं समजावला. पटलं असावं. त्या जाऊन मशीनवर बसल्या.

चालायला उद्यापासून. बूट चावतात.

२८ जून
मी राहतो ती माडी घरमालकांच्या घरावर आहे आणि जिना त्यांच्या बैठकीतून येतो. घरमालक निवृत्त पोस्टमास्तर. जाताना विचारतात कुठं निघालात, येताना विचारतात कुठं गेला होतात. त्यांना चुकवून बाहेर पडता येत नाही. म्हणून चालणं राहतंय.

आज अभिप्रायाचे फॉर्म वाटले. फॉर्म मुख्य कार्यालयानं पाठवलेला, सगळ्या देशांत हाच चालतो. कार्यक्रम कसा वाटला? समोर तीन चौकोन: चांगला, फार चांगला, अत्युत्तम. पोस्टमास्तरांनी चष्मा लावून फॉर्म दोन्ही बाजूंनी बघितला आणि म्हणाले, ऐकलाच नसेल तर खूण कुठं करायची? मी म्हटलं, हा श्रोत्यांचा फॉर्म आहे, न ऐकणाऱ्यानं भरायचाच कशाला? त्यांना मुद्दा पटला. अत्युत्तमवर खूण केली.

९ जुलै
टेलरबाई पुन्हा. दवाखान्यातले डॉक्टर आता सोमवारऐवजी गुरुवारी येणार. लोकांना माहीत नाही. लांबून चालत येतात, म्हातारी माणसं, कडेवर मुलं, आणि कुलूप बघून परत जातात. तेवढं रेडिओवर सांगा, म्हणाल्या, एका ओळीचं तर काम आहे.

मला वाईट वाटलं. मी हळवा आहे. पण कार्यक्रमपत्रिका तीन महिन्यांची मंजूर असते. नवी सूचना असेल तर मजकूर तीन प्रतींत मुख्य कार्यालयाला, तिथून परदेशातल्या भागीदार संस्थेला, मग परत. त्यांना फॉर्म दिला. त्यांनी त्याच्या पाठीमागं कुणाच्या तरी ब्लाउजचं माप लिहिलं. दुकानाबाहेर एक फळी टांगून तिच्यावर शिलाईच्या खडूनं लिहिलं, डॉक्टर गुरुवारी. माध्यमक्रांतीच्या युगात खडू! मालिकेच्या पाचव्या भागात खेदानं उल्लेख करणार आहे.

२२ जुलै
हिचा फोन. लेकीच्या शाळेचं काहीतरी सांगत होती. मी मध्येच थांबवून तिला समोरच्याचं लक्षपूर्वक ऐकून घेण्याची पाच तत्त्वं सांगितली. ती म्हणाली, बरं. तिचा हा गुण मला आवडतो. शाळेचं काय ते विचारायचं राहिलं.

१९ ऑगस्ट
दुपारी प्रचंड वारं. पत्रे उडाले. आमच्या केंद्राला काही झालं नाही, आत तर कळलंसुद्धा नाही. संध्याकाळी तारवाला नोंदवही घेऊन आला. चेहरा लांब. सर, छतावर, असं काहीतरी सुरू केलं. मी म्हटलं, माझ्याकडे समस्या आणायच्या नाहीत, उपाय आणायचे. त्यानं टोपणाचं पेन काढलं. मग वही पुढं केली. सही केली.

स्टाफला थोडी सकारात्मक वृत्ती शिकवायला हवी. त्यावर एक वर्कशॉप घेईन.

२ सप्टेंबर
माझ्या कामाला फळं येऊ लागली आहेत. पूर्वी रोज कुणी ना कुणी तक्रार करायचं. भाषण फार, गाणी नाहीत, आवाज कर्कश. गेल्या पंधरवड्यात एकही तक्रार नाही. टेलरबाईंना विचारलं, हल्ली केंद्र कसं वाटतं? म्हणाल्या, हल्ली फार शांत वाटतं बघा. समाधानाचा आकडा एक्क्याण्णववरून अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर.

रिपोर्ट पाठवला. मॅडमचं उत्तर लगेच: छान! उद्गारचिन्हासकट.

१८ ऑक्टोबर
अठ्ठेचाळीस दिवस राहिले.

खरं लिहायचं तर जीव कोंडतो इथं. सकाळी माडीवर, दुपारी गोदामात, संध्याकाळी परत माडीवर. मध्ये पोस्टमास्तर, कुठं निघालात. गोदामात बसलं की आपलाच आवाज कानात घुमतो आणि विटांनी बुजवलेल्या खिडकीकडे बघत मी जगाच्या मोकळ्या होत चाललेल्या सीमांवर बोलतो. हिचा फोन हल्ली चार-चार दिवसांनी येतो. कामात असेल.

पण बावीस हजार माणसं ऐकतायत, या विचारानं उमेद येते. माझ्या बायकोखेरीज सगळे ऐकतात, असा विनोद आज निवेदिकेला सांगितला. हसली नाही. तिला विनोदाचं अंग कमी.

६ नोव्हेंबर, दुपारी ४.४०
हे स्क्रिप्टच्या पाठकोऱ्या कागदावर लिहितोय. निवेदिका चारला घरी गेली. तारवाला आज रजेवर आहे. ही रजा मीच मंजूर केली होती, हे दार लागल्यावर आठवलं. तेरावा आणि शेवटचा भाग थेट प्रसारित करायला एकटाच आत आलो. संपवला. दार बंद. बाहेर कुणी नाही.

काळजीचं कारण नाही. समोर चालू माइक आहे. जगात माझ्याइतका सुरक्षित कोंडलेला माणूस नसेल.

४.५०
पहिलं आवाहन केलं. श्रोतेहो, एक छोटीशी विनंती. आटोपशीर, प्रसन्न. कुणीही एकानं येऊन दार उघडावं. बावीस हजारांची झुंबड नको, असंही सांगितलं.

५.१०
कुणी नाही. प्रत्येकाला वाटत असेल दुसरा गेला असेल. सामूहिक जबाबदारीचा अभाव. पुस्तकात एक प्रकरण.

५.३५
दुसरं आवाहन. या वेळी टेलरबाईंना उद्देशून, आदरणीय वगैरे लावून. रस्ता ओलांडायचा तर आहे. त्यांच्या दुकानात रेडिओ असतो. असतोच.

६.०५
गाणं म्हटलं. गाणी हवी होती ना त्यांना.

६.२०
दारावर लाथा मारल्या. मग माइकसमोर रडलो थोडा. श्रोत्यांशी भावनिक नातं जोडण्यासाठी.

६.५०
सुटलो. टेलरबाई दुकान बंद करताना त्यांना लाल दिवा दिसला. दार उघडून म्हणाल्या, अगंबाई, तुम्ही आतच? मी विचारलं, ऐकूनसुद्धा इतका उशीर? त्या म्हणाल्या, काय ऐकून? मला दुकानात नेलं. रेडिओवर बटणांचा डबा ठेवलेला. लावून दाखवला. नुसती खरखर. म्हणाल्या, त्या वाऱ्यापासून असंच आहे, मला वाटलं तुमचा कार्यक्रमच बंद झाला. बरं वाटलं होतं. राग मानू नका.

७ नोव्हेंबर
तारवाल्यानं नोंदवही समोर ठेवली. १९ ऑगस्ट: अँटेनाची केबल तुटली, प्रसारण बंद, नवी मागवावी. खाली माझ्या अक्षरात: पाहिले. सही. २० ऑगस्ट: प्रसारण बंद. पाहिले. २१ ऑगस्ट: प्रसारण बंद. पाहिले, उत्तम. एकोणऐंशी दिवस. एकदा मी त्याला शाबासकीही दिली आहे, नोंदी वेळेवर ठेवल्याबद्दल.

मी ओरडलो, तोंडानं का नाही सांगितलंस? तो म्हणाला, सांगायला आलो होतो सर, तुम्ही म्हणालात उपाय आणा. उपाय केबल. केबलला तुमची सही लागते. सही तुम्ही केलीत.

त्याच्यावर कारवाई करावी का, याचा विचार करतोय. कशाबद्दल ते सुचलं की करीन.

८ नोव्हेंबर
पोस्टमास्तरांना जाब विचारला. तुम्ही दर आठवड्याला अत्युत्तमवर खूण करत होतात! ते शांतपणे म्हणाले, अहो, तुम्ही रोज जिन्यात आशेनं विचारायचात, आमचाही जीव आहे ना. आणि ‘ऐकला नाही’ला तुमच्या फॉर्मात जागाच नव्हती. चाळीस वर्षं लोकांची पत्रं वाटली, ज्याला उत्तर हवं असतं त्याचा चेहरा मला कळतो.

चहा दिला त्यांनी. प्यालो.

१० नोव्हेंबर
केबल परदेशातून येते. मागणीचा फॉर्म: रकाना चार, प्रसारण बंद पडल्याची तारीख. रकाना सात, ही तारीख आपल्या मासिक रिपोर्टशी जुळते काय? फॉर्म घडी करून खिशात ठेवला.

थंड डोक्यानं विचार केला. पंचवीस दिवस राहिलेत. एकोणऐंशी दिवस मुख्य कार्यालयात कुणाला कळलं नाही, पंचवीस काय कळणार? गुपचूप राहायचं. पाच तारखेला घरी. पुढचा अधिकारी बघेल. तारवाल्यालाही तसं सांगितलं. त्यानं वहीत नोंद केली: प्रसारण बंद, गुपचूप राहायचं. आणि वही सहीला पुढं केली.

निवेदिकेला सांगितलं नाही. ती आत बसून बोलते. मी काचेतून बघतो.

१४ नोव्हेंबर
मॅडमचं पत्र. बावीस हजार श्रोते, अठ्ठ्याण्णव टक्के समाधान, सर्व देशांत असं केंद्र दुसरं नाही. असा माणूस तिथून हलवणं हा विकासावर अन्याय होईल. मुदत तीन वर्षांनी वाढवण्यात येत आहे. अभिनंदन!

तीन वर्षं. लेक बारा वर्षांची होईल.

राजीनाम्याचा विचार केला. पण घर संस्थेचं, शाळाही संस्थेचीच. नोकरी गेली तर तिघं रस्त्यावर. हिला फोन लावला आणि हवापाण्याबद्दल बोललो.

१६ नोव्हेंबर, सकाळी ८
सुचलं! खरं सांगून टाकायचं. सगळं. नोंदवहीच्या झेरॉक्ससकट. मॅडम भडकतील, चौकशीसाठी मुख्य कार्यालयात बोलावतील. आमच्याकडच्या चौकश्या वर्षानुवर्षं चालतात, तोवर माणूस घरीच असतो. सत्याचा असाही उपयोग होतो हे आजवर लक्षात आलं नव्हतं.

त्याआधी निवेदिकेला सांगायला हवं. इतरांकडून कळायला नको.

१७ नोव्हेंबर
सांगितलं. मला वाटलं चिडेल. ती खाली बसली आणि म्हणाली, पण आई तर म्हणते रोज ऐकते. परवाच म्हणाली, तुझं ऐकून जेवले. मग तिला कळलं. तोंडाला ओढणी लावून खूप रडली. मी पाणी आणलं. मला तेरा भागांतलं एकही वाक्य आठवेना जे तिला सांगता येईल. मला माझी लाज वाटली. अशी लाज मला याआधी वाटली नव्हती, हे इथं लिहून ठेवतो.

डोळे पुसून ती म्हणाली, सर, आईला नका सांगू मला कळलंय म्हणून.

१८ नोव्हेंबर
कबुलीजबाब पाठवला. अकरा पानं. अठरा होती, सात काढली. हलकं वाटतंय. संध्याकाळी तासभर चाललो. पोस्टमास्तर म्हणाले, कुठं निघालात? म्हटलं, घरी! अर्धी बॅग भरून ठेवली.

२६ नोव्हेंबर
निवेदिका केंद्रात येत नाही. पण दुपारी चारला टेलरबाईंच्या दुकानासमोर उभी असते आणि फळीवरचं मोठ्यानं वाचते. डॉक्टर या गुरुवारी उशिरा येतील. खालच्या गल्लीत नळाला पाणी सकाळी नाही. अमुक आजींची पिशवी सापडली आहे, दुकानात आहे. मग एक गाणं म्हणते. आवाज चांगला आहे तिचा, हे मला काचेतून कधी कळलं नव्हतं. मी मोजली, एकतीस माणसं उभी होती. पोस्टमास्तरही काठी टेकून. मीसुद्धा मागं जाऊन उभा राहिलो. कुणीतरी विचारलं, वेळ काय नक्की? तिनं परत सांगितलं. बस, इतकंच.

फॉर्म वाटावेत असं एकदा मनात आलं. वाटले नाहीत.

आठ दिवस झाले, मॅडमचं उत्तर नाही. म्हणजे प्रकरण गंभीर आहे. उत्तम.

२ डिसेंबर, सकाळी १०
उत्तर आलं. तीनदा वाचलं.

मॅडम लिहितात की पत्र वाचून डोळे पाणावले. भागीदार संस्थेनं याच वर्षी ‘अपयशातून शिकूया’ हा विषय सर्व देशांसाठी जाहीर केला आहे आणि इतकं प्रामाणिक, इतकं सखोल, इतकं सर्वांगीण अपयश त्यांना कुठल्याच देशातून मिळालेलं नाही. माझ्या अकरा पानांची नऊ भाषांत भाषांतरं सुरू आहेत. केंद्र आहे तसंच ठेवायचं. केबल बसवायची नाही. आतला हँडलही नाही. चौदा देशांची शिष्टमंडळं ते बघायला येतील आणि प्रत्येकाला मी आत बसवून दार लावून समजावून सांगायचं. या कामाला माझ्याशिवाय कुणी योग्य नाही. मुदत तीनऐवजी पाच वर्षं. पहिलं शिष्टमंडळ चार तारखेला पोचतंय, तोवर आणि त्यानंतर रजा देता येणार नाही.

तारवाल्याला पत्र दाखवलं. त्यानं वाचलं, घडी करून परत दिलं आणि माझ्यासाठी खुर्ची पुसली.

बॅग रिकामी केली.

५ डिसेंबर, सायं. ६
दिवसभर शिष्टमंडळ. सहा माणसं. आळीपाळीनं आत बसून शांतता ऐकली. एकाला गहिवरून आलं.

पाचला घरी फोन केला. हिनं उचलला. पत्रातलं सगळं सांगितलं. तिनं फोन लेकीकडे दिला. लेक आधी म्हणाली, आज तारीख आहे. म्हटलं, माहितीय. मग म्हणाली, बाबा, आई म्हणते तुम्ही खरं सांगितलं म्हणून तुम्हाला तिथंच ठेवलं. मग खोटं सांगा ना. मी काय सांगणार? दोन्ही सांगून बघितलं होतं. ती वाट बघत होती, तिचा श्वास ऐकू येत होता. मग तिनं हळूच विचारलं, बाबा, ऐकताय ना?

रेंज गेली असं म्हणालो आणि फोन ठेवला. रेंज होती.